तारेपलीकडचा फ्लॉवर

जून महिन्यात, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, वेरिबी साउथला समुद्रावरून जे वारं सुटतं, ते अंगावरच्या तीन स्वेटरांनाही जुमानत नाही. मीनाक्षी उजगरे वाऱ्याकडे पाठ करून मेथीच्या वाफ्यात गुडघे टेकून बसली होती. गुडघ्यांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे होते, तरी लाल चिकट मातीची ओल पँटीतून आत शिरलीच होती. उजव्या हातात विळा, डाव्या हातात मूठभर मेथी. मुळाशी कापायची, झटकायची, पिवळं पान खुडायचं, रबरबँड लावायचा, क्रेटमध्ये उभी ठेवायची. दीडशे जुड्या झाल्या की बोटं आपली राहत नसत. नखांशेजारी चिरा पडल्या होत्या आणि घरात शिरताना सॅनिटायझर लावला की त्या चिरांतून डोक्यापर्यंत कळ जाई.

पाच एकरांचा तुकडा होता. एका म्हाताऱ्या इटालियन मालकाकडून उजगऱ्यांनी तो कसायला घेतला होता. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा. पॉइंट कुक, टार्नीट भागातल्या देशी दुकानांत सकाळी माल पोचवायचा आणि दुपारी परत वाफ्यात. मालकाचं जुनं घर शेतातच होतं, त्यात ते तिघं राहत. दीनानाथ, मीनाक्षी आणि बारा वर्षांची तनया. तनयाची शाळा लॉकडाउनमुळे सैपाकघरातल्या टेबलावर भरत होती.

तारेच्या पलीकडे चंद्रहासचं शेत. चाळीस एकर, सगळा फ्लॉवर, आणि कडेच्या दहा-बारा ओळींत या वर्षीपासून मेथी.

चंद्रहास परका नव्हता. तो श्रीरामपूरचा, दीनानाथ राहुरीचा. चौदा वर्षांपूर्वी दोघं एकाच महिन्यात सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत आले होते. एका खोलीत राहिले, एका कुकरातला भात खाल्ला, एकाच दुकानात रात्रपाळीला फरश्या पुसल्या. दोघांच्याही आज्यांना मिशनच्या दवाखान्यानं जगवलं होतं, दोघंही मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला येत. म्हणूनच मीनाक्षीच्या डोळ्यांत तो जास्त खुपायचा. कुणा गोऱ्यानं चाळीस एकर केले असते तर तिनं मान वर करून पाहिलंही नसतं.

आणि चंद्रहासनं ते कसे केले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या शेतावरच्या एका पत्र्याच्या घरात अकरा माणसं राहत. कुणाचा कोर्स बंद पडलेला, कुणाचं हॉटेलातलं काम गेलेलं, कुणाच्या व्हिसाची मुदत काठावर आलेली. सरकारची मदत त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती आणि विमानं तर बंदच होती. चंद्रहास त्यांना छप्पर देई, दोन वेळचं जेवण देई आणि हातावर वाटेल ते टेकवी. पहाटे साडेपाचला ती माणसं ओळींत उभी असत, अंधार पडला की पत्र्याखाली जात. कुणी कुरकुर केलीच तर तो हसून म्हणे, "एक फोन लावू का इमिग्रेशनला?"

जुलैत मीनाक्षीच्या तीन दुकानांनी मेथी बंद केली. चंद्रहासची स्वस्त पडते, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. एका दुकानात तर मालक क्रेट उतरवूच देईना. मीनाक्षीनं जुडी उचलून दाखवली, आमची बघा, पिवळं पान सापडणार नाही, ताजी आहे, असं म्हणाली. मागं दीड मीटरवर गिऱ्हाइकांची रांग उभी होती. मालकानं मास्कवरून तिच्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "दीदी, मेथी मेथी होती है." तिनं आठ क्रेट परत यूटच्या मागच्या उघड्या हौद्यात चढवले. रांगेतल्या ओळखीच्या दोन बायका मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात रविवारच्या उपासनेत, म्हणजे झूमवर, चंद्रहासचे आभार मानले गेले. त्यानं अडचणीतल्या कुटुंबांना साठ पेट्या भाजी फुकट वाटली होती. कुणीतरी फोटोही दाखवले: चंद्रहास, मागं नवा निळा ट्रॅक्टर, पुढं पेट्यांची उतरंड. सगळ्यांनी आपापल्या चौकटीतून टाळ्या वाजवल्या. मीनाक्षीनं कॅमेरा बंद केला.

संध्याकाळी जेवणाआधी दीनानाथ पवित्र शास्त्र वाचायचा. महिनाभर तो एकच स्तोत्र वाचत होता. वाईट करणाऱ्यांची भरभराट पाहून जळफळू नको, ती माणसं गवतासारखी वाढतात आणि गवतासारखीच वाळतात, अशा अर्थाचं. त्या दिवशी तो वाचायला लागला तशी मीनाक्षीनं भाकरीचा तवा दणकन खाली ठेवला.

"मला ऐकवायला वाचता ना रोज?"

दीनानाथनं ओळीवर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"गवत लवकर वाढतं नि लवकर वाळतं म्हणे. आपण काय पिकवतो? मेथीच ना? सहा आठवड्यांत येते नि कापली जाते. गवत आपणच आहोत. तो फ्लॉवर आहे."

तनयानं हेडफोन काढून विचारलं, "मम, आर यू गाइज फाइटिंग?" दोघंही नाही म्हणाले. दीनानाथनं उरलेलं स्तोत्र मनातल्या मनात वाचलं आणि पुस्तक मिटलं.

त्याच्या या गप्प राहण्याचाही तिला राग येई. आपल्या पोटात दुखतंय आणि या माणसाला कसलीच कळ लागत नाही, हा काय माणूस आहे का ओंडका? सकाळी वाफ्यात बसली की तिची नजर आपोआप तारेपलीकडे जायची. त्यांची पानं जास्त निळसर दिसतात का, आज किती ट्रक भरले, पॅकिंग शेडला नवे पत्रे घातले का. स्वतःच्या हातातली जुडी बांधून झाली, हे कधीकधी तिला क्रेट भरल्यावरच कळायचं.

ऑगस्टमध्ये निर्बंध कडक झाले. संचारबंदी आली, कामाला जायलासुद्धा परवान्याचा कागद लागू लागला. अशात एके दिवशी चंद्रहास तारेपाशी आला. चेहऱ्यावर मास्क, अंगात चांगलं जाड जाकीट. पॅकिंग शेडवर देखरेखीला भरवशाचं माणूस हवंय, असं तो म्हणाला. पोरं गड्डे नीट छाटत नाहीत, माल परत येतो. वहिनींच्या हाताला शिस्त आहे, हे सगळ्या देशी दुकानांना ठाऊक आहे. कागदोपत्री, रीतसर पगार. आणि जाता जाता हेही म्हणाला, की वहिनी माझ्याकडे असल्या तर तुमची मेथीही माझ्याच ट्रकमधून दुकानांत जाईल, वेगळी गाडी कशाला फिरवता?

मीनाक्षीनं रात्रभर विचार केला असं काही झालं नाही. तिनं तिथल्या तिथंच हो म्हटलं. मग दीनानाथला सांगितलं.

तो मुळे धूत होता. हात पाण्यातच ठेवून म्हणाला, "तुझी मर्जी. मी अडवणार नाही. पण तिथं जे दिसेल, ते नंतर दिसलंच नाही असं म्हणता येत नाही."

"सगळ्यांना ठाऊकच आहे की."

"ठाऊक असणं वेगळं," तो म्हणाला.

सोमवारी पहाटे ती तारेला वळसा घालून पलीकडे गेली. आतून ते शेत वेगळंच दिसत होतं. फ्लॉवर खरोखर देखणा होता, पानांच्या ओंजळीत पांढरा, घट्ट, एकसारखा. ओळीत माणसं वाकून कापत चालली होती आणि मागून ट्रॅक्टर सावकाश येत होता. तो थांबत नसे, त्यामुळे माणसांनाही थांबता येत नसे. लघवीला जायचं तर ट्रॅक्टर टोकाला वळेपर्यंत कळ काढायची. शेडमध्ये गार पाण्याच्या हौदात हात घालून चौघं गड्डे धूत होते. त्यांना हातमोजे होते, पण फाटके, आत पाणी भरलेले.

त्या चौघांत संजीव नावाचा एक गृहस्थ होता. चाळिशी ओलांडलेला, नाशिकच्या कारखान्यात पंधरा वर्षं फिटर होता. कारखाना बंद पडल्यावर घर गहाण टाकून इथं कसलासा कोर्स करायला आला आणि आल्यावर दोन महिन्यांतच सगळं बंद झालं. बायको आणि दोन मुलं तिकडे. तो फारसा बोलत नसे. छाटलेला गड्डा मात्र तो असा फिरवून ठेवी की जणू लेथवरून उतरवलाय. पहिल्या दिवशी मीनाक्षीनं त्याला कुठला भाग कापायचा ते दाखवलं आणि तासाभरात तीच त्याच्याकडे बघून शिकली.

दुपारी जेवणाला ती त्या पत्र्याच्या घरात गेली. तीन खोल्या. जमिनीवर गाद्यांना गाद्या लावलेल्या, चालायला वाट नाही. एक संडास. खिडकीला आतून पुठ्ठा मारलेला. एका गादीच्या उशाशी भिंतीवर लहान मुलीनं काढलेलं विमान चिकटवलं होतं. मीनाक्षी दारातच उभी राहिली. डबा हातातच राहिला. हे घर तिला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. पण गाद्यांना येणारा तो ओल्या कपड्यांचा, तेलाचा आणि माणसांचा वास तिच्या ठाऊक असण्यात कधी नव्हता.

चंद्रहासलाही तिनं त्या दिवसांत जवळून पाहिलं. लांबून तो हातवारे करणारा, हसणारा, ऐसपैस माणूस दिसे. जवळून पाहावं तर त्याची नजर सतत हातातल्या फोनवर. शेतावर सहा कॅमेरे बसवले होते, ते तो फोनवर पाळीपाळीनं बघत राही. रस्त्यावरून अनोळखी गाडी गेली की बोलता बोलता वाक्य तुटायचं. गाडी पुढं गेली की तो पुन्हा बोलायला लागे, पण वाक्य दुसरंच असे. डबा उघडायचा आणि अर्धा टाकून द्यायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, सहा महिने झाले, सलग तीन तास झोप नाही. दीनाला झोप लागते का हो?" लागते, असं ती म्हणाली. तो म्हणाला, "तो पहिल्यापासूनच तसा."

चौथ्या दिवशी, गुरुवारी, संजीव हौदापाशी खोकत होता. थांबून थांबून, कोरडा. दहाच्या सुमाराला त्याचा हातातला गड्डा खाली पडला आणि तो उचलायला वाकला तो तिथंच बसला. मीनाक्षीनं मनगटाला हात लावला. हौदाच्या बर्फासारख्या पाण्यातून निघालेला हात तापलेला होता.

तिनं चंद्रहासला शेडबाहेर बोलावलं. याची टेस्ट करायला हवी, असं सांगितलं.

"धूळ गेली असेल घशात," तो म्हणाला.

ती खाली बघत राहिली. दोघांच्याही गमबुटांना घोट्यापर्यंत चिखल होता.

मग तो हळू आवाजात बोलू लागला. मागच्या खोलीत झोपवू, गोळ्या देऊ, चार दिवसांत उठेल. टेस्ट केली तर सगळे अडकतील. दोन आठवडे शेत बंद. फ्लॉवर आज कापला नाही तर सोमवारी सुटायला लागतो, तुम्हाला सांगायला नको. शेवटी म्हणाला, "आणि वहिनी, त्यालाच विचारा ना. त्यालाच नको असेल."

तेही खरंच होतं. संजीव शेडच्या भिंतीला टेकून म्हणाला, "ताई, सरकारकडं नाव गेलं, पत्ता गेला, की संपलं. विद्यार्थ्याला जेवढे तास ठरवून दिलेत त्यापेक्षा जास्त काम केलंय मी. व्हिसा काढून घेतील. घर गहाण आहे तिकडं." आणि मग खोकून झाल्यावर, "पण श्वास लागतोय."

मीनाक्षी घराकडे गेली, पण आत नाही. अंगणातल्या नळापाशी उभी राहून तिनं दीनानाथला हाक मारली आणि जवळ यायचं नाही म्हणून हात वर केला. लांबूनच सगळं सांगितलं. यूटची चावी मागितली.

"मी नेतो," तो म्हणाला.

"मी चार दिवस त्याच्या शेजारी उभी आहे. तुम्ही तनयाकडं बघा."

त्यानं चावी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि मागं सरकला. एवढंच म्हणाला, की आपलीही मेथी जाईल, हे लक्षात आहे ना. ती हो म्हणाली.

चंद्रहास फाटकात उभा होता. अडवायला म्हणून आला असावा, पण आडवा झाला नाही. संजीवला यूटमध्ये बसवून, खिडकी उघडी ठेवून ती बाहेर पडली तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही, फोनच्या चौकटीत यूट जाताना बघत राहिला.

टेस्टच्या रांगेत दोन तास गेले. दोन्ही खिडक्या उघड्या, वारं आरपार. संजीव डोळे मिटून बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मुलीनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, मग पत्ता. संजीवनं मीनाक्षीकडे पाहिलं. मुलीनं पुन्हा विचारलं. मीनाक्षीला वाटलं, आपल्या घराचा पत्ता सांगावा, सोपं होईल. पण मग त्या पत्र्याखालचे बाकीचे दहा जण? तिनं समोरच्या गाडीच्या नंबरावर नजर धरली. संजीवनं बऱ्याच वेळानं, तुटक इंग्रजीत, खरा पत्ता सांगितला.

त्या घरातले सात जण पॉझिटिव्ह निघाले. संजीवला हॉस्पिटलात ठेवून ऑक्सिजन लावावा लागला. शेतावर अधिकारी आले, दोन्ही फाटकं बंद झाली. मीनाक्षीचीही टेस्ट झाली, ती निगेटिव्ह आली, तरी चौदा दिवस वेगळं राहायला सांगितलं. दीनानाथ आणि तनयालाही घर सोडायचं नव्हतं आणि शेतातून एक जुडीही बाहेर जायची नव्हती. घरामागं मालकाचा एक जुनाट कॅरव्हॅन होता, चाकांवरची खोलीच, त्यात मीनाक्षी राहू लागली. तनया लांबून हात हलवून म्हणे, "लव यू, मम," आणि पळे.

मंडळीच्या ग्रुपवर कुणी सरळ काही बोललं नाही. एकीनं मात्र लिहिलं, की आपल्याच माणसाचं नाव असं रस्त्यावर यायला नको होतं, आधी वडीलधाऱ्यांना विचारायचं. त्यावर नऊ जणांनी हात जोडले.

पहिले चार-पाच दिवस मीनाक्षीनं झोपून काढले. मग तिला वाचायला सुचलं. दीनानाथनं पायरीवर पुस्तक ठेवलं होतं. त्या रोजच्या स्तोत्राच्या पुढं बरंच गेल्यावर तिला दुसरं एक सापडलं. ते लिहिणारा माणूस चक्क कबूल करत होता, की माझा पाय घसरतच आला होता, दुष्टांचं बरं चाललेलं मला बघवेना. त्यांना दुखणं नाही, कष्ट नाहीत, अंगावर मेद चढलाय. मग मी निर्मळ राहायचं म्हणून हे हात धूत बसलो ते कशासाठी? मीनाक्षीनं स्वतःचे चिरलेले हात पालथे करून बघितले. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा माणसाला आपल्यासारखंच झालं होतं, आणि ते त्यानं लपवलं नव्हतं.

कॅरव्हॅनच्या खिडकीतून तार दिसायची, आणि तारेपलीकडे फ्लॉवर. आठव्या दिवशी गड्डे सुटायला लागले. आधी कडा सैल झाल्या, मग पांढऱ्यावर पिवळेपणा चढला, मग मधूनमधून देठ वर आले. चाळीस एकर डोळ्यांदेखत हातातून जात होतं. अलीकडे त्यांची मेथीही वाढून फुलावर आली होती, पण मीनाक्षीची नजर तिकडे जात नव्हती. ती पलीकडे बघत होती आणि तिच्या पोटात काहीतरी गोड गोड वाटत होतं, सणाच्या दिवशी वाटतं तसं.

संध्याकाळी दीनानाथ ताट घेऊन आला. पायरीवर ठेवून पाच पावलं मागं जाऊन उलट्या क्रेटवर बसला. ती जेवेपर्यंत तो रोज तसा बसायचा. त्या दिवशी तिनं घास घेतला नाही.

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "त्याचं पीक जातंय ना, ते बघून. संजीवला ऑक्सिजन लावलाय आणि मला इथं बसून बरं वाटतंय."

दीनानाथनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

"मी काल दोनदा तारेपाशी जाऊन आलो," तो म्हणाला. "बघायला."

"तुम्ही?"

"मग? एका कुकरातलं खाल्लंय आम्ही. त्याचं चाळीस एकर आणि माझं पाच. रोज जळायचं, मीना. सकाळी त्याचा ट्रॅक्टर चालू झाला की इथं." त्यानं छातीवर बोट ठेवलं. "म्हणून तर रोज तेच वाचत होतो. तुझ्यासाठी नव्हतं ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नापासून हा माणूस आपल्याला शांत वाटत आला होता, आणि तो रोज संध्याकाळी औषध घेतल्यासारखा ते वाचत होता.

"गेलं का मग?" तिनं विचारलं.

"नाही. पण वाचत होतो तोवर मी त्याच्याकडं आपली मेथी घे म्हणायला गेलो नाही, एवढं खरं."

मग तिनं जेवायला सुरुवात केली. भाजी निवली होती. फुलावर आलेली मेथी कडू लागते, पण दीनानाथनं तीच केली होती.

संजीव तीन आठवड्यांनी सुटला. पुढं जायला जागा नव्हती, म्हणून मीनाक्षीनं त्याला कॅरव्हॅनमध्येच ठेवून घेतलं. त्याच्या व्हिसाचं प्रकरण एका मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी हातात घेतलं, आणि त्याला वाटलं होतं तसं काही कुणी हाकलून दिलं नाही. दम लागायचा, त्यामुळे वाकून काम जमेना, पण बसून जुड्या बांधायचा. राज्यांच्या सीमा उघडल्यावर तो सिडनीला स्कोफिल्ड्समधल्या चुलतभावाकडे गेला, तिथल्या वर्कशॉपमध्ये लागला. अजून दर रविवारी फोन करतो.

उजगऱ्यांनी कडू मेथी नांगरून टाकली आणि पुन्हा पेरली. दोन दुकानं परत आली, तिसरं आलं नाही. आठवड्यातून तीन रात्री दीनानाथ बस डेपोत गाड्या धुवायला जाऊ लागला. ओढाताण होतीच.

आणि चंद्रहास? त्याच्यावर चौकशी झाली, दंड झाला, पत्र्याचं घर पाडायला लावलं. ते चाळीस एकरही कसायलाच घेतलेले होते, तो करारही गेला. वर्षभर त्याचं नाव कुणी काढलं नाही. मग दुसऱ्या हिवाळ्यात, पुन्हा एका लॉकडाउनमध्ये, तनया वाफ्याच्या कडेला फोन घेऊन आली. आता ती आईला शनिवारी मदत करायची.

"मम, लुक. चंद्रहास अंकल."

दूर आत, डोंगरापलीकडे कुठंतरी त्यानं जमीन घेतली होती. कसायला नव्हे, विकतच. फोटोत तो नव्या शेडसमोर उभा होता, मागं नजर जाईल तिथवर कोबी. मंडळीच्या ग्रुपवर पंचेचाळीस जणांनी अभिनंदन केलं होतं. "हाऊ इज दॅट फेअर?" तनयानं विचारलं.

मीनाक्षीनं विळा मातीत रोवला, हात पँटीला पुसले आणि फोन हातात घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा केला. चंद्रहासवरून तो सरकवला, शेडवरून सरकवला आणि मागच्या ओळींवर आणून थांबवला.

"फार दाट लावलाय," ती म्हणाली. "मधून हवा खेळणार नाही. पाऊस आला की खालून सडेल. कुणीतरी सांगायला हवं त्याला."

आणि फोन तनयाला परत देऊन ती पुढच्या ओळीकडे सरकली.